उलट्या खुर्चीतलं बोलणं

१

आई शाळेतून घरी आली ती एक खोकं पोटाशी धरून. तिने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं, पर्स खांद्यावरच राहू दिली आणि खुर्चीत बसली. खोक्यात लाकडी अक्षरं होती, दोरीत ओवलेले मोठे मणी होते आणि एक पुठ्ठ्याचं घड्याळ होतं, ज्याचे काटे बोटाने फिरवायचे. हा सगळा तिच्या वर्गाचा संसार. वर्गाबाहेर तो मी कधीच पाहिला नव्हता.

"सुट्टी लागली की काय?" मी विचारलं.

"वर्ग काढून घेतलाय माझ्याकडून," आई म्हणाली. "सोमवारी मोठ्या बाई काय ते ठरवतील."

मोठ्या बाई म्हणजे आईच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आणि वर्ग म्हणजे सावकाश वर्ग. ज्या मुलांना वाचायला, मोजायला, घड्याळ सांगायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो त्यांचा. आईने तो भांडून मिळवला होता. जिन्याखालची अडगळीची खोली मागून घेतली, बाबांना शिडीवर चढवून रंग काढून घेतला. बाबा अजून त्या रंगाचा विषय निघाला की कंबर धरतात. शाळेतले काही जण त्या वर्गाला 'गोदाम' म्हणायचे. मग त्यातली मुलं एकेक करून मोठ्या वर्गात जाऊन बसायला लागली, तेव्हा म्हणायचे थांबले.

"पण का काढून घेतला?"

आईने खिडकीकडे बघत, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हटलं, "'जी मुलं मागे राहतात त्यांच्यासाठी सगळ्यांना थांबवणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे. ज्याला पोहता येत नाही त्याचा हात सोडणं क्रूर नव्हे, तीही दयाच.' हे मी म्हणाले, असं कुणीतरी मोठ्या बाईंना जाऊन सांगितलंय. अक्षरन् अक्षर."

 हे आई खरंच म्हणाली होती. आदल्याच दिवशी, गुरुवारी, आम्हा सगळ्यांच्या देखत.

आणि ते तिचं मत नव्हतं.

२

आमच्या बैठकीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

दर गुरुवारी संध्याकाळी पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचं, चहा घ्यायचा आणि एक प्रश्न घ्यायचा. मरणाला घाबरावं का. खोटं बोलून कुणाचं भलं करता येतं का. बाबा आम्हाला 'डोकेदुखी मंडळ' म्हणतात. बैठक आमच्याकडे असली की ते भाजी आणायला जातात आणि ती स्वतः पिकवून आणल्याइतका वेळ लावतात. मला या वर्षीपासून आत घेतलंय. त्याआधी मी दाराशी बसून ऐकायचे आणि मनातल्या मनात सगळ्यांना हरवायचे.

बैठक सुरू केली घड्याळआजोबांनी. त्यांचं चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. शाळेतलं मोठं भिंतीवरचं घड्याळसुद्धा तेच येऊन लावतात. बैठकीचे नियमही त्यांचेच.

पहिला नियम उलट्या खुर्चीचा. दर वेळी कुणीतरी एकाने स्वतःला न पटणारी बाजू मांडायची, जीव ओतून. कोणी, ते आधी ठरत नाही. ज्याला वाटेल त्याने उठायचं, आपली खुर्ची फिरवायची, तिची पाठ पुढे घेऊन त्यावर हात टेकून बसायचं आणि बोलायला लागायचं. 'आता मी उलट बोलतोय' असं तोंडाने म्हणायचं नाही. "सांगून टाकलं की लोक नाटक बघायला बसतात," आजोबा म्हणतात. "ऐकत नाहीत." बाकीच्यांनीही हसायचं नाही. समोरचा तसंच मानतो असं समजून उत्तर द्यायचं.

दुसरा नियम, उठलो की विषय संपला. जिन्यात, रस्त्यात, फोनवर त्यावर अवाक्षर नाही.

तिसरा, घरातलं बोलणं घराबाहेर न्यायचं नाही.

कुणीतरी तिसरा नियम मोडला होता.

"मग सांग ना मोठ्या बाईंना, खुर्ची उलटी होती म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं. त्या म्हणाल्या, ज्यांच्याकडून मला कळलं त्यांना मी हे विचारलं होतं. तिथे असलं काही झालं नाही असं ते ठाम सांगतात, आणि त्यांच्या शब्दावर मी शंका घेऊ शकत नाही."

"मग बाकीच्यांना साक्षीला ने."

"म्हणजे घरातलं बोलणं मीसुद्धा चव्हाट्यावर न्यायचं? आणि मैत्रिणीला वाचवायला कुणीही येईल, असंच म्हणतील त्या. ज्याने सांगितलं त्यानेच येऊन मागे घेतलं तर गोष्ट वेगळी."

"मग मी त्यालाच शोधते."

"नको," आई म्हणाली. "सापडला तर मला पुढच्या गुरुवारी त्याच्या शेजारी बसावं लागेल."

ती उठली आणि पुठ्ठ्याच्या घड्याळाचे काटे विनाकारण सारखे केले. मी माझ्या आईला फार गोष्टींवर रडताना पाहिलेलं नाही. तेव्हाही ती रडली नाही. पण त्या घड्याळाचे काटे तिने परत फिरवले, परत सारखे केले, आणि माझं ठरलं.

३

गुरुवारची बैठक ग्रंथपालकाकांकडे होती. त्यांच्याकडे नवा गालिचा आलाय, राखाडी, इतका जाड की पाय रुततो. ग्रंथपालकाकू दारातच उभ्या राहून प्रत्येकाच्या पायांकडे बघत होत्या.

मी आदल्याच दिवशी केस कापले होते. दोन लांब वेण्यांचा निकाल लावून थेट कानापर्यंत. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी प्रश्नासाठी कमी आणि केसांसाठी जास्त गेले होते.

"अगंबाई, कान आहेत की हिला," वकीलमावशी म्हणाल्या. "आता ऐकतेस का ते बघू."

"शाम्पू निम्मा लागेल," औषधवाले काका म्हणाले. त्यांचं औषधांचं दुकान आहे, त्यांना सगळं बाटलीत मोजायची सवय.

घड्याळआजोबा सगळ्यांत शेवटी आले. गालिच्यावर पाऊल पडलं तसे थबकले. "हे काय, गवतात बसायचंय का आज?" म्हणाले. मी हसले तेव्हा माझ्याकडे वळले. "आलीस का गजर?" मला ते गजर म्हणतात, कारण मी एकदा सुरू झाले की थांबत नाही. मी मान अशी झटकली की केस उडावेत. "तयारी करून आलीस ना?" ते म्हणाले. "वेण्या घट्ट बांधत जा, विचार सांडायचे नाहीत."

सगळे हसले. मी रुसल्यासारखं केलं.

प्रश्न होता, मागे राहिलेल्यासाठी थांबावं का. मी बोलले, पुष्कळ बोलले. मध्येच औषधवाल्या काकांना फोन आला म्हणून ते जिन्यात गेले. तेवढ्यात आई उठली, तिने आपली खुर्ची फिरवली, पाठीवर हात टेकले आणि म्हणाली, "थांबू नये." मग ती पोहण्याबद्दलची वाक्यं. ती असं बोलली की मला क्षणभर तिची भीती वाटली. काका परत आले ते दारातच उभे राहून ऐकत राहिले. काकूंनी चहा आणला. वकीलमावशींनी आईला कडकडून उत्तर दिलं.

घड्याळआजोबा त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. कप ठेवताना तो टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर ठेवला. मी पकडला म्हणून वाचला. 

आता सांगते ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण मी शोधायला निघाले ते आईचा शत्रू कोण, हे.

४

त्याच शुक्रवारी संध्याकाळी आधी औषधवाल्या काकांकडे गेले. त्यांच्यावर माझा संशय जास्त होता. त्यांच्या मुलाला आईने सावकाश वर्गात घेतलं नव्हतं, आणि ते शाळेच्या पालकसमितीवर आहेत. मोठ्या बाईंच्या खोलीत त्यांना सरळ जाता येतं.

"काका, तुम्ही काल फोनवर होतात ना? आईने खुर्ची फिरवली तेव्हा?"

"होतो की." ते फडक्याने काउंटर पुसत होते. "ही खोकल्याची चौकशी आहे की पोलिसाची?"

"म्हणजे खुर्ची फिरवताना तुम्ही पाहिलं नाहीत."

"फिरवताना नाही पाहिलं. आलो तेव्हा फिरलेली होती. मी काय आंधळा आहे?" त्यांनी फडकं खाली ठेवलं. मग सावकाश म्हणाले, "हे आईच्या वर्गाचं आहे होय? मी ऐकलं समितीत. तुला वाटलं मी सांगितलं."

 माझे कान तापले, आणि आता ते झाकायला केसही नव्हते.

"पोरी, माझ्या मुलाला घ्यायला त्या खोलीत जागा नव्हती. तुझ्या आईने मला शब्द दिलाय, जागा झाली की पहिला तो. तो वर्ग मोडला तर सगळ्यांत आधी माझा मुलगा बुडतो. कळलं? जा आता. आणि हे घे, आवाज बसलाय तुझा." त्यांनी खडीसाखरेसारखी एक गोळी हातावर ठेवली.

बाहेर पडले तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, एक संशयित कमी झाला म्हणून. पण आता उरलेले मला जास्त आवडणारे होते.

५

वकीलमावशी रोज सकाळी मोठ्या बाईंबरोबर फिरायला जातात. शनिवारी त्यांच्या ऑफिसात गेले. खोलीभर फायली, आणि एका खुर्चीवर त्यांचं मांजर. अशिलांना उभं राहावं लागतं.

"मी सांगितलं का, हेच विचारायला आलीयेस ना?" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

"हो."

"बरं झालं, आडून नाही विचारलंस. मी नाही सांगितलं. आम्ही फिरताना फक्त गुडघ्यांवर बोलतो. आता बस. मांजराला उठवू नकोस, स्टुलावर बस." त्यांनी पेन खाली ठेवलं. "गजर, तू वैर शोधतेयस. वैर असलेल्या माणसाच्या तक्रारी मी आयुष्यभर वाचत आलेय. तो तिखटमीठ लावतो. स्वतःच्या पदरची दोन वाक्यं घालतो. इथे आईचा एक शब्द इकडचा तिकडे झालाय का?"

"नाही. सगळं जसंच्या तसं आहे."

"हं. आणि खुर्चीबद्दल विचारल्यावर तो काय म्हणाला? खोटं बोलणारा म्हणेल, 'आठवत नाही, लक्ष नव्हतं.' पळवाट ठेवेल. हा म्हणतो, असलं काही झालंच नाही. इतकं ठाम कोण बोलतं?"

मी विचार केला. "ज्याला ते खरंच वाटतं तो."

"म्हणजे त्याला तुझी आई मनापासून बोलतेय असं वाटलं. त्याला धक्का बसला असणार ग. मला तर तो माणूस दुष्ट वाटतच नाही."

"पण मावशी, खुर्ची तर सगळ्यांसमोर होती. आम्ही गोल बसलो होतो."

"तेच तर," वकीलमावशी म्हणाल्या, आणि मांजराकडे बघत राहिल्या. त्यांना काही सुचलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, "त्या घरात अशी कोण होती व्यक्ती, जिला ऐकू आलं पण खुर्ची दिसली नाही?"

मला एकदम उत्तर सापडलं. मी स्टूल पाडून पळाले. मांजर उठलं.

६

ग्रंथपालकाकू गुरुवारी आई बोलत होती तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. आणि त्या आईच्याच शाळेत शिकवतात. आईचा वर्ग गेला तर तो कुणाला मिळणार? त्यांनाच.

दार काकूंनीच उघडलं. डोळे सुजलेले होते.

"काकू, तुम्ही आत होतात. तुम्हाला आईचं बोलणं ऐकू आलं, पण खुर्ची दिसली नाही. म्हणून तुम्ही..."

"पाय पूस आधी," काकू म्हणाल्या. मी पुसले. त्यांनी मला आत बसवलं आणि समोर बसल्या. "चहा कुणी आणला होता?"

"तुम्ही."

"मग? तुझ्या आईला कप देताना मध्ये खुर्चीची पाठ आली. तिच्या गुडघ्यावर सांडणार होता. मला दिसणार नाही का?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "सोमवारपासून तो वर्ग मी घ्यायचा म्हणतात. मला नाही जमायचं ग ते. माझा आवाज चढतो. तुझी आई एका अक्षरासाठी महिना थांबते. मी काल ती रिकामी खोली बघून आले, आणि तेव्हापासून हे असं." त्यांनी डोळ्यांकडे बोट दाखवलं.

ग्रंथपालकाका आतून पाणी घेऊन आले. ते मोजकं बोलतात, ग्रंथालयात राहून तशी सवयच झालीय. मी गुरुवारी जिथे आई बसली होती तिथेच बसले होते. त्यांना वाट देण्यासाठी मी खुर्ची मागे सरकवली.

आणि थांबले.

परत पुढे सरकवली. मग उठले आणि खुर्ची पूर्ण फिरवली. परत फिरवली.

"काय चाललंय हिचं?" काकू म्हणाल्या.

"आवाज येत नाही," मी म्हटलं.

"येणार कसा? एवढा जाड गालिचा आहे," काका म्हणाले.

आमच्या घरी फरशी आहे. खुर्ची हलवली की खर्रकन असा आवाज होतो की बाबांचे दात आंबतात. औषधवाल्या काकांकडे तसंच, वकीलमावशींकडे तसंच. बैठकीत कुणी खुर्ची फिरवली की तो आवाज यायचाच, आणि तो आला की घड्याळआजोबा हनुवटी वर करून कान द्यायचे. दर वेळी. मला वाटायचं, म्हातारा माणूस किती लक्ष देऊन ऐकतो.

मी माझ्या मानेवर हात नेला. तिथे काहीच नव्हतं. आणि ते म्हणाले होते, वेण्या घट्ट बांधत जा.

७

रविवारी सकाळी दुकान उघडं होतं. मी काही न बोलता दारात उभी राहिले. आजोबा काउंटरमागे बसले होते, समोर एक भिंतीवरचं घड्याळ पालथं पडलेलं. ते त्याच्यावर कान ठेवून बोटांनी चाकं चाचपत होते. आत बल्ब लावलेला नव्हता. पूर्वी काचेच्या कपाटात मनगटी घड्याळांच्या रांगा असायच्या. आता एकही नव्हतं.

"कोण?" ते म्हणाले.

"मी."

"गजर होय. ये. आज सुट्टी आणि तू इतक्या सकाळी?"

"गुरुवारचं बोलायचंय, आजोबा."

त्यांचा चेहरा बंद झाला. "उठलो की विषय संपला."

"मग ही बैठकच समजा. दोघांची."

गिऱ्हाइकाची वेताची खुर्ची होती, हलकी. ती मी उचलली, फिरवली आणि अलगद टेकवली. पाठ पुढे घेऊन बसले, हात वर टेकले. छाती इतकी धडधडत होती की तिथल्या सगळ्या घड्याळांत ती एक जास्तीची वाटत होती.

"मला वाटतं, आई बरोबर बोलली," मी म्हटलं. "ज्यांना जमत नाही त्यांना सोडून द्यावं. तुमचीच नात बघा. दोन वर्षं आईच्या वर्गात आहे. अजून तिला घड्याळ कळत नाही. तिच्यासाठी बाकीच्यांनी का थांबायचं?"

आजोबांच्या हातातलं चाक काउंटरवर पडलं आणि गोल फिरत आडवं झालं.

"तूसुद्धा?" ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं. "लहानपणापासून ओळखतो मी तुला. तुझ्या आईवर विश्वास ठेवून ती पोर मी तिच्या हातात दिली. माझी मुलगी नको म्हणत होती, मी म्हटलं, ती बाई हात सोडणार नाही. आणि तुम्ही घरात बसून हे असलं..."

मला पुढचं ऐकवेना. "आजोबा," मी म्हटलं, "मी कशी बसलेय?"

 माझ्या दिशेने बघत राहिले. मग त्यांनी काउंटरवरून हात पुढे केला. बोटं खुर्चीच्या पाठीच्या दांड्याला लागली. दांड्यावरून सरकत माझ्या मनगटापर्यंत आली, तिथून खांद्यावर, खांद्यावरून मानेवर. वेणी असते तिथे ती थांबली.

"कधी कापलेस?"

"गुरुवारच्या आधी."

सगळी घड्याळं चालू होती. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"नजरेच्या मधोमध डाग आहे," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. म्हणून चालतो, फिरतो, कुणाला कळत नाही. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. तुझ्याकडे बघतो तेव्हा तुझ्या मागचं कपाट दिसतं, तू नाही."

"सांगितलं का नाही कुणाला?"

"मुलीला कळलं की या दुकानाला कुलूप. ती चुकीचं करणार नाही, प्रेमानेच करेल. पण मग मी कोण?" ते थांबले. "शाळेचं घड्याळ लावायला गेलो होतो. मोठ्या बाईंनी नातीची चौकशी केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं सगळं. चहाडी म्हणून नाही सांगितलं मी. मला वाटलं, तिथे बाकीचीही पोरं आहेत."

"आईला विचारायचं होतं ना."

"विचारायला गेलो असतो. पण उठलो की विषय संपतो." त्यांनी मान खाली घातली. "खुर्ची फिरवताना बोलायचं नाही, आणि उठल्यावर विचारायचं नाही. दोन्ही नियम माझेच. चांगले वाटायचे मला."

मी खुर्ची सरळ केली. मला शिकवून ठेवल्यासारखं बरंच काही म्हणायचं होतं, रात्री तयारही केलं होतं. त्यातलं काहीच त्या दुकानात बोलण्यासारखं नव्हतं.

"घरी सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही. सांगणारही नाही. ते तुमचं आहे. पण उद्या सोमवार आहे, आजोबा."

"माहीत आहे," ते म्हणाले. "वार अजून कळतात मला."

८

सोमवारी मी शाळेत होते आणि नव्हतेही. मी आईचा वर्ग वाचवायला निघाले होते, आणि त्यासाठी एका माणसाच्या दुकानाची किल्ली काढून घ्यावी लागणार होती. ते आले नाहीत तर आई हरणार. आले तर ते. दोन्हीकडे माझीच माणसं.

घरी पोचले तर टेबलावर खोकं नव्हतं.

आई उशिरा आली. हातावर खडू होता. "ते आले होते," म्हणाली. "नातीचा हात धरून. मला वाटायचं, ते तिला शाळेत सोडतात. आज पाहिलं तर ती त्यांना आणत होती. मोठ्या बाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, माझी चूक झाली, मला खुर्ची दिसली नाही. मला काहीच नीट दिसत नाही. मोठ्या बाईंना आधी कळलंच नाही. त्या म्हणाल्या, अहो, पण आमचं घड्याळ तर तुम्हीच लावता. तर म्हणाले, ते हाताने लावतो."

 आई माझ्याकडे बघत राहिली. "रविवारी सकाळी कुठे गेली होतीस?"

"उठलो की विषय संपला," मी म्हटलं.

तिने खडूचा हात माझ्या छोट्या केसांतून फिरवला आणि पुढे विचारलं नाही.

त्याच आठवड्यात दुकानाला कुलूप लागलं. मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. वाईट वागून नाही, त्यांनी म्हटलं होतं तसंच, प्रेमाने. मी शाळेत जाताना चौकातला रस्ता काही दिवस टाळला.

गुरुवारची बैठक वकीलमावशींकडे होती. पण ग्रंथपालकाकांनी स्वतःहून फोन करून सांगितलं, आमच्याकडेच या. आयुष्यात त्यांनी स्वतःहून केलेला तो पहिला फोन असावा. आजोबा येत नाही म्हणत होते. आई गेली आणि त्यांना घेऊन आली.

दार उघडलं आणि आजोबांचं पाऊल आत पडलं. टक् असा आवाज झाला. ते थबकले. दुसरं पाऊल टाकलं. टक्. गालिचा कोपऱ्यात गुंडाळून उभा होता, सुतळीने बांधलेला. काकू आमच्या पायांकडे बघत नव्हत्या. 

आई आजोबांच्या शेजारी बसली.

"मी म्हणते, खुर्ची फिरवताना तोंडाने सांगायचं," वकीलमावशी म्हणाल्या. "नियम बदलता येतात. माझं पोट त्यावरच चालतं."

"नको," आजोबा म्हणाले. "सांगितलं की लोक ऐकत नाहीत. फक्त खुर्ची उचलू नका. ओढा."

"प्रश्न कोणता घ्यायचा?" औषधवाल्या काकांनी विचारलं.

"मागचाच," आई म्हणाली. "मागे राहिलेल्यासाठी थांबावं का. मागच्या वेळी तो पुरा झाला नाही."

 मग आजोबा उठले. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि तिला फरशीवरून अशी ओढली की आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला. तो पूर्ण विरेपर्यंत ते उभे राहिले. मग पाठ पुढे घेऊन बसले, तिच्यावर हात टेकले.

"थांबू नये," ते म्हणाले. "ज्याला दिसत नाही, ज्याला उशीर लागतो, ज्याच्या चुकीने दुसऱ्याचं घर हलतं, त्याच्यासाठी बैठकीने थांबू नये. त्याला घरी बसू द्यावं. तीही दयाच."

ते पुढे बरंच बोलले. एकेक मुद्दा असा घट्ट बसवत गेले की फट सापडेना. कुणी हसलं नाही. नियमच आहे तसा. रडायचं नाही असा नियम नाही, पण काकूंशिवाय ते कुणी केलं नाही.

त्यांचं संपल्यावर मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आई आधीच पुढे सरसावली होती. आपल्या बाकीच्या सगळ्या आयुष्यात ती जितकी सावकाश बोलते, त्याहून सावकाश ती बोलायला लागली.

तिची खुर्ची सरळ होती.